श्वास त्याचा, कोंडमारा माझा

नाही, मी म्हणते, रागावायचंय ना? रागाव की! भांड, ओरड, दार आपट, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोप... नवऱ्यांनी रागावायच्या काय कमी तऱ्हा काढून ठेवल्यात जगात? पण आमचा हा काय करतो, तुम्हाला सांगते, हा श्वास बंद करतो! हसताय काय? खरंच बंद करतो. गाल फुगवतो, डोळे मिटतो, दोन्ही मुठी मांड्यांवर रोवतो आणि बसतो. बत्तीस वर्षांचा घोडा! कचेरीत हाताखाली चार माणसं, त्यांना दिवसभर "जरा समजूतदारपणे घ्या" म्हणून शिकवणारा, आणि घरी बायको मनाविरुद्ध एक शब्द बोलली की फुगलेला बेडूक!

बरं, बेडकाचं मी एक वेळ बघून घेतलं असतं हो. पण त्याने गाल फुगवले रे फुगवले की सासूबाई हातातलं टाकून धावत येतात. "अगं बाई, श्वास घेत नाहीये तो! काय बोललीस त्याला? परत घे! आधी परत घे!" पाठोपाठ सासरे. ते वर्तमानपत्राची घडी करून वारा घालायला लागतात. आता मला सांगा, ज्याने नाकच मिटून घेतलंय त्याला वारा घालून काय होणार? पण विचारणार कोण? मी नवी. "निळा पडला हो!" सासूबाई. "निळा नाही, जांभळट," सासरे. आणि मी बघते तर लाल! चांगला टोमॅटोसारखा लालबुंद! अहो, मी लग्नाआधी पाच वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासलीत, डोळ्यांचंच काम माझं, मला रंग कळत नाही? पण या घरात निळं म्हटलं की निळं. मग मी परत घेते. काय बोलले असेन ते सगळं परत घेते. मग हा "फूऽऽस" करून सोडतो, सासूबाई डोळे पुसतात, सासरे वर्तमानपत्र सरळ करून राहिलेली बातमी वाचायला घेतात आणि सगळ्यांना चहा लागतो. चहा कोण करतं?

श्वास त्याचा आणि कोंडमारा माझा!

तशी मी बोलणारी बाई नव्हे. माहेरी बाबा म्हणायचे, हिच्या तोंडात मूग आहेत, भिजत घातलेत, कधीतरी मोड येतील. ते आज आले. ऐकून घ्या.

याचं मूळ कुठे आहे माहितीये? आत्याबाईंमध्ये. सासऱ्यांची बहीण. हा तीन वर्षांचा असताना याला शेजाऱ्यांच्या पोराचा पत्र्याचा ढोल हवा होता. मिळेना. तेव्हा याने पहिल्यांदा श्वास रोखला, आणि आत्याबाईंनी काय करावं? शेजाऱ्यांचा ढोल आणून दिला! दुसऱ्याच्या पोराच्या हातातला ओढून! आणि वर कौतुक, "मानी आहे हो आमचा, जीव देईल पण हट्ट सोडणार नाही." झालं. तेव्हापासून या घरात तो म्हणेल तशी भाजी, तो म्हणेल तो पंखा, तो म्हणेल त्या रंगाची भिंत. लग्नाच्या वेळी मला कुणी सांगितलं? कुणी नाही! शिक्षण सांगितलं, पगार सांगितला, निर्व्यसनी आहे म्हणाले. श्वास घेतो का, हे विचारायचं मला कसं सुचणार?

पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरले हो. मी काय म्हटलं होतं? पलंग खिडकीपासून जरा सरकवूया. एवढंच. हा आधी फुरफुरला, भस्, भस्, भस्, भस्... रागाने, असं मला वाटलं... आणि मग ठप्प. मी तर पलंग काय, खिडकीच भिंतीत चिणायला तयार झाले. दुसऱ्यांदा मैत्रिणीकडे राहायला जायचं होतं. भस्, भस्, भस्, ठप्प. मी बॅग सोडली. तिसऱ्यांदा मात्र गोष्ट माझ्या नोकरीवर आली.

म्हणजे असं, की मी जिथे काम करायचे त्या दुकानाच्या मालकांनी, आम्ही त्यांना भिंगकाका म्हणतो, निरोप धाडला. "नवीन ठेवलेला माणूस कडा तिरक्या घासतो गं. परवा एका गिऱ्हाइकाला आपल्याच घराचा उंबरठा दोन जागी दिसला, पडला बिचारा. तू ये. सोमवारी येतेस तर तुझी खुर्ची तुझी, नाही तर मला दुसरी बघावी लागेल." माझी खुर्ची! तुम्हाला काय सांगू, चाकावर पाणी पडत असतं, भिंग बोटांत धरायचं, कड अशी हलकेच टेकवायची, आणि तो बारीक आवाज... कुणी बोलत नाही, कुणी विचारत नाही, आणि शेवटी ते भिंग चौकटीत टक्कन बसतं. आयुष्यात दुसरं काही माझ्या हातून असं टक्कन बसलेलं नाही. ते मला हवं होतं. एवढंच हवं होतं!

मी जेवताना सांगितलं. गोड बोलून सांगितलं. तर हा म्हणतो, "आणि मी घरी आलो की दार कोण उघडणार?" अरे, किल्ली! किल्ली नावाची वस्तू आहे जगात! पण "किल्ली" म्हणायला मी तोंड उघडते न उघडते, तोच भस्, भस्, भस्, भस्... आणि ठप्प! या वेळेला हात चांगलेच वाकडे झाले त्याचे. बोटं आकसली. "मुंग्या! त्याच्या बोटांना मुंग्या येतायत, प्राण चालला!" म्हणून सासूबाईंनी हंबरडा फोडला, सासऱ्यांनी डॉक्टरांना फोन केला, आणि मी? मी परत घेतलं. किल्लीसकट.

डॉक्टर आले तोवर हा चहा पीत होता. मी केलेला.

तर हे डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचे, पोट सुटलेले, स्वभावाने भले. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. लिफ्टची तक्रार करायची असते इमारतीच्या समितीने, आणि समितीत आहे आमचाच हा. त्यामुळे ती बंद होती ती बंदच होती. डॉक्टर आले ते धापा टाकतच. सासूबाई म्हणतात, "बोला ना डॉक्टर, काही बोला!" डॉक्टर नुसता हात वर करतायत, थांबा, थांबा... दाराला धरून उभे. मग त्यांनी याची छाती तपासली, "अगदी घोड्यासारखी तब्येत आहे" म्हणाले (बघा! घोडा मी एकटीच म्हणत नाही!) आणि निघाले. मी त्यांना पोचवायला खाली गेले. सुनेने पाहुण्यांना पोचवायचं, ही एक मोकळी जागा आहे आमच्या घरात. जिन्यात कुणी ऐकत नाही.

मी विचारलं, "डॉक्टर, एखाद्या वेळी नाहीच घेतला श्वास तर?"

डॉक्टर हसले. "घेणार नाही तर जाईल कुठे? सूनबाई, हे बघा. सगळ्यांना वाटतं, प्राणवायू संपत आला की श्वास घ्यावासा वाटतो. तसं नसतं. प्राणवायू असतो बऱ्यापैकी. पण शरीर म्हणजे पेटती चूल. तिचा धूर होतो. कार्बन डायऑक्साइड. तो श्वासावाटे बाहेर जातो. कोंडून धरलात की रक्तात साठतो, आणि रक्त अंमळ आंबट होतं. अगदी अंमळ! पण इथे, मानेच्या वर, मेंदूच्या बुडाशी एक चौकीदार बसलाय. तो रात्रंदिवस तो आंबटपणा चाखत असतो. तुम्ही झोपा, जेवा, भांडा, त्याचं चाखणं चालू. जरा आंबट लागलं की छातीखालच्या पडद्याला लाथ! घे श्वास! नाही घेतलास? आणखी जोरात लाथ! त्याचं पोट शेवटी शेवटी गचके देतं की नाही?"

म्हटलं, "देतं. सासूबाई म्हणतात, प्राण तिथून निघू बघतो."

"प्राण कसला! लाथा त्या. तिथे हट्ट चालत नाही. आणि चाललाच, तर फार तर चक्कर येऊन आडवा होईल. शुद्ध गेली की हट्टही गेला, चौकीदार आपला श्वास चालू करून मोकळा. धडधाकट माणूस खुर्चीत रुसून बसला म्हणून मरत नाही हो."

मी जिन्यातच बसले. इतके महिने! पलंग, मैत्रीण, किल्ली! आणि सगळ्या घरात शहाणं कोण, तर त्याच्या मानेवर बसलेला तो चौकीदार! पण मग मला ती भस्‌भस् आठवली. म्हटलं, "डॉक्टर, श्वास रोखायच्या आधी हा जोरजोरात फुरफुरतो हो. रागाने."

डॉक्टर पायरीवर थबकले. "अस्सं! किती वेळ?"

"बराच."

"लबाड आहे तुमचा नवरा! राग कसला, ती तयारी आहे! त्याने प्राणवायू काही फारसा वाढत नाही, तो रक्तात आधीच काठोकाठ असतो. पण धूर निघून जातो सगळा. चौकीदाराला चाखायलाच काही उरत नाही, त्याला लागते डुलकी. म्हणून हा इतका वेळ टिकतो. बोटांना मुंग्या, बोटं आकसणं, ते त्या फुरफुरण्याने. धूरही थोडा लागतो हो अंगाला, अगदीच काढून टाकून चालत नाही. आणि हे बघा, पाण्यात, पोहताना असलं काही करू देऊ नका. चौकीदार जागा व्हायच्या आत शुद्ध जाते. तिथे मात्र माणूस खरोखर मरतो. सांगा त्याला." असं म्हणून त्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "अरेच्चा, माझी बॅग वरच राहिली."

आता चार मजले त्या माणसाला परत कुठे चढायला लावायचे? मी धावत वर गेले. चौथ्या मजल्यावर बॅग उचलली, दाराबाहेर आले, छाती भात्यासारखी चाललेली... आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, मी पण गाल फुगवले. म्हटलं, बघू तरी घराण्याची कला! तुम्हाला सांगते, ओठ मिटतायत न मिटतायत तोच फुटले! हाऽऽऽ! जमेचना! मुठी रोवल्या, डोळे मिटले... हाऽऽऽ! आत चूल भडकलेली, धूर मावेना, आणि चौकीदार लाथांवर लाथा!

मी बॅग घेऊन खाली आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काय हो, हसताय का?" म्हटलं, "काही नाही. तुमचा चौकीदार भेटला."

श्वास त्याचा आणि कोंडमारा माझा... पण आता जिना दोघांचा!

शनिवार उजाडला. सोमवार समोर उभा. आणि सासूबाईंनी मागवलेलं शिवणयंत्र आलं. जुन्या पद्धतीचं, बिडाचं, दोन माणसांचं वजन. आणणारा म्हणाला, "लिफ्ट बंद? मग माझं काम फाटकापर्यंत," आणि गेला. सासूबाईंनी वरून, गॅलरीतून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझा लेक आणेल हो! एकटा आणेल!" आता लेकाला नाही म्हणायची सोय आहे का? घेतलं उचलून. मी मागून झाकण घेऊन. पहिल्या मजल्यावर शीळ घालत होता. दुसऱ्यावर शीळ थांबली. तिसऱ्यावर म्हणतो, "जरा... टेकवूया?" मी म्हटलं, "छे छे, आता आलंच की!" चौथ्यावर दारात यंत्र ठेवलं, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. घामाघूम. आत सासूबाई, सासरे स्वागताला उभे.

मी झाकण खाली ठेवलं. आणि शांतपणे म्हटलं, "सोमवारपासून मी दुकानात जाणारेय."

अहो, त्याचा चेहरा! आधी भस्‌भस् करायला गेला, तर भस्‌भस् चालूच होती! म्हटलं, ही तयारी झाली की काय याची? पण नाही हो. ही काही धूर आधीच काढून ठेवायची हौसेची भस्‌भस् नव्हती. ही आत धूर कोंडला म्हणून लाथा खाऊन चाललेली होती! त्याने गाल फुगवले. डोळे मिटले. मुठी भिंतीवर रोवल्या. सासूबाईंनी तोंड उघडलं, "अगं बाई, श्वास घेत नाही..." आणि त्यांचं "नाहीये" पुरं व्हायच्या आत... हाऽऽऽऽऽ!

फुटला!

सासऱ्यांच्या हातात वर्तमानपत्राची घडी तशीच. याने परत फुगवले. हाऽऽऽ! परत. हाऽऽऽ! डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या, खरंच. आणि तुम्हाला सांगते, मला वाटलं होतं मी हसेन. नाही हसले. तीन वर्षांचं पोर दिसलं मला, हातातून ढोल गेलेलं. पण मग खिडकीशी चिकटलेला पलंग आठवला आणि राग परत जागेवर आला. मी म्हटलं, "किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला आहे. आणि पोहायला गेलास तर ती भस्‌भस् करू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय."

सासूबाई काय म्हणाल्या असतील? लेकाचं खोटं निघालं, असं? छे! मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "लग्नाआधी नव्हतं हो असं काही. चांगला दम होता पोराला. चार महिन्यांत काय करून ठेवलंन् बघा!"

ऐका! म्हणजे रोखला तरी माझा दोष, सोडला तरी माझा दोष!

पण सोमवारी मी गेले. बसले माझ्या खुर्चीवर. चाक फिरलं, पाणी पडलं, आणि पहिलंच भिंग... टक्कन! भिंगकाका बाहेरून ओरडले, "आली का गं?" म्हटलं, आले. जिंकले होते हो मी! घरी पलंग पण सरकला. रविवारी मैत्रिणीकडे राहून आले. जे काही बोलायचं ते मी जिन्यात गाठून बोलायचे, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, भाजीची पिशवी त्याच्या हातात देऊन. आणि जिंकलेल्या माणसाला जी मस्ती चढते ना, ती मला चढली. एकदा हा म्हणाला, "लिफ्टची तक्रार टाकतो आज." तर मी, या तोंडाने, ज्यात आयुष्यभर मूग होते त्या तोंडाने म्हटलं, "कशाला घाई? राहू दे की. व्यायाम होतो!"

मूगच बरे होते.

कारण तुम्हाला सांगते, मला वाटायचं हा नुसता श्वास रोखतो, विचार करत नाही. करतो! गप्प राहून करतो. आता होतं काय, की दुकान बंद व्हायला उशीर होतो. हा कचेरीतून माझ्या आधी येतो. खिळ्यावरची किल्ली न्यायला शिकलाय. हातपाय धुतो, पंख्याखाली बसतो, छाती कशी शांत, संथ, तळ्यातल्या पाण्यासारखी. आणि मी दिवसभर उभं-बसं करून, वाटेत सामान घेऊन, दोन्ही हातांत पिशव्या, चार मजले चढून वर येते. हा दार उघडतो. हो, आता *हा* दार उघडतो! पिशव्या घेतो हातातल्या. पाणी देतो. माझ्या डोळ्यांत कौतुक दाटून येतं... आणि तेवढ्यात, अगदी गोड आवाजात म्हणतो, "आत्या येतेय उद्या. राहायला. कायमची. तिला आपली खोली देऊ म्हणतोय, आपण बाहेर झोपू. चालेल ना?"

चालेल ना!

अहो, माझ्या छातीत भाता! आत धूर! चौकीदार लाथा घालतोय! मला "नाही" म्हणायचंय, पण "नाही"ला श्वास लागतो हो! तोंडातून नुसतं हाऽऽ... हाऽऽ... आणि श्वासाबरोबर मान वर-खाली, वर-खाली...

"हो म्हणाली!" सासूबाई आतून. "किती समजूतदार आहे हो सून! कळवा वन्संना!" आणि सासऱ्यांनी फोन लावला पण. मला आवाज फुटला तोवर आत्याबाई तिकडे सामान बांधायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, मी हो नव्हते म्हणत, मी श्वास घेत होते!" तर सासूबाई म्हणतात, "आता परत घेतेस? असं बरं दिसतं का गं?"

आणि तो चौकीदार! त्याला मी आपला मानत होते हो! तो कुणाचाच नाही. नवरा बघत नाही, बायको बघत नाही, आंबट लागलं की घातली लाथ!

आत्याबाई आल्या. आमच्या खोलीत आहेत. खिडकीपासून सरकवलेल्या त्या पलंगावर. माझ्याकडे बघून याला म्हणतात, "बायको मिळाली हो तुला गुणाची. काही विचारलं की मान डोलावते." श्वास माझा आणि होकार त्यांचे!

आता तुम्ही म्हणाल, बाई, लिफ्ट दुरुस्त करून घे. अहो, रोज विचारते! रोज! पण विचारायचं ते समितीवाल्याला, आणि हा समितीवाला मला भेटतो कुठे, तर चौथ्या मजल्यावर, दारात. मी म्हणते, "लिफ्टची... हाऽऽ... तक्रार..." आणि तो पाण्याचा पेला पुढे करून, इतक्या मायेने विचारतो, "राहू दे ना अजून थोडे दिवस?"

आणि मान हलते.